शिक्का उमटण्याआधीचा देश

आमच्या घरात बांगलादेशच्या जन्माची तारीख कधी एकमतानं ठरली नाही. माझे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ६ डिसेंबर १९७१ धरत. त्या सोमवारी सकाळी इंदिरा गांधींनी लोकसभेत मान्यता जाहीर केली होती, आणि जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या अण्णांच्या लेखी कागदावर आल्याशिवाय कुठलीच गोष्ट घडलेली नसे. ताईआत्या कलकत्त्याला दिलेली. ती १८ एप्रिलवरून हलत नसे. धाकटे बापूकाका म्हणायचे, नोट निघाली त्या दिवशी देश झाला, ४ मार्च १९७२. खुद्द बांगलादेश २६ मार्चला स्वातंत्र्यदिन पाळतो आणि १६ डिसेंबरला विजयदिन. पण या तिघांनी तो देश जिथं डोळ्यांनी पाहिला, हातानं हाताळला, तिथून त्याचं वय मोजायला सुरुवात केली. आत्या दिवाळीला माहेरी आली की हा वाद हटकून निघे. आम्ही मुलं फराळाच्या ताटांशी बसून तो ऐकत मोठी झालो.

नव्या देशाला मान्यता कशी मिळते, ती कोण देतं, कुठल्या अटींवर देतं, याबद्दल मी पुढं पुष्कळ वाचलं. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली, आणि तिचं मूळ त्या वादात आहे. सरकारं मान्यता देतात त्याच्या कितीतरी आधी ती सामान्य माणसांनी देऊन टाकलेली असते: मतदारांनी, कारकुनांनी, पोस्टमास्तरांनी, झेंडा शिवणाऱ्या बायकांनी. हाताशी असेल त्या साधनानं त्यांनी तो देश चालवायला घेतलेला असतो.

आमचं घर नाशिकरोडचं. इथं 'प्रेसमध्ये आहे' एवढं सांगितलं की पुरतं. १९२५ च्या सुमारास इथं इंडिया सिक्युरिटी प्रेस उभं राहिलं आणि तोवर लंडनहून छापून येणारी हिंदुस्थानची टपाल तिकिटं इथं छापली जाऊ लागली. मागोमाग नोटांचा छापखाना आला. अण्णा तिकिटांच्या छपाईत होते. प्रत्येक शीट मोजून हातात घ्यायचं, मोजून परत द्यायचं, बिघडलेलंसुद्धा हिशेबात दाखवायचं, आणि सुटताना फाटकावर झडती देऊन बाहेर पडायचं, असं ते काम. घरी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही ही शिस्त त्यांनी निवृत्तीपर्यंत पाळली. त्यानंतरही बरीच वर्षं गेली, तेव्हा कुठं ते संध्याकाळी ओट्यावर बसून थोडं थोडं बोलू लागले. आणि सगळ्यात आधी त्यांनी सांगितली ती गोष्ट बांगलादेशची नव्हे, पाकिस्तानची होती.

१९४७ च्या ऑगस्टात पाकिस्तान झाला तेव्हा त्याच्यापाशी स्वतःची तिकिटं नव्हती आणि ती छापणारा छापखानाही नव्हता. छापखाना होता तो आमच्या नाशिकरोडला. मग असं ठरलं, की राजा सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली हिंदुस्थानचीच तिकिटं घ्यायची आणि त्यांच्यावर इंग्रजीत 'पाकिस्तान' हा शब्द काळ्या शाईत छापून द्यायचा. तीन पैंच्या तिकिटापासून पंचवीस रुपयांच्या तिकिटापर्यंत १९ किंमतींची ती मालिका १ ऑक्टोबर १९४७ ला निघाली. तिकिटांचे संग्राहक तिला आजही नाशिकची छपाई म्हणूनच ओळखतात. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला होता. त्याच्या विरोधात मत देणारा देश एकच निघाला, आणि तो होता शेजारचा मुसलमान देश अफगाणिस्तान. सरहद्दीचा वाद होता म्हणून.

अण्णा सांगत, शीटमागून शीट जात होतं आणि राजाच्या चेहऱ्यावर तो एक शब्द उमटत होता. त्याच दिवसांत देवळालीच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं उतरत होती. ओसरीवर बसून कुणीतरी कराचीतल्या आपल्या घराचं वर्णन करायचं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी कामावर जाऊन त्याच कराचीसाठी तिकिटं छापायची. खात्यातल्या एका तरुण कामगाराला ते सोसवेना. "हे आपण का छापायचं?" म्हणून तो एका पाळीला हात बांधून उभा राहिला. अण्णांनी त्याला सांगितलं, "टपाल थांबलं तर दोन्हीकडच्या आया वाट बघत बसतील. छाप."

नोटांचंही तसंच झालं. रिझर्व्ह बँकेनं काही काळ दोन्ही देशांचं चलन सांभाळावं अशी व्यवस्था होती. तेव्हा बँकेचे गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. १ एप्रिल १९४८ पासून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडं चालू लागल्या. रायगडात जन्मलेल्या माणसाची सही, नाशिकची छपाई आणि चलन पाकिस्तानचं. तीन महिन्यांनी, १ जुलैला, पाकिस्तानची स्टेट बँक उभी राहिली आणि ती व्यवस्था संपली.

या सगळ्यात अण्णांच्या मनात खोल रुतलेली गोष्ट वेगळीच होती. नाशिकचा माल सगळीकडं वेळेवर पोचेना, तेव्हा तिकडच्या गावोगावच्या टपाल कचेऱ्यांनी थांबून राहणं नाकारलं. त्यांनी रबरी शिक्के करून घेतले आणि जवळच्या हिंदुस्थानी तिकिटांवर स्वतःच 'पाकिस्तान' उमटवलं. कुठं जांभळ्या शाईत, कुठं काळ्या, कुठं वाकडं, कुठं अर्धं. जन्मभर नेमकी छपाई केलेला माणूस त्या वेड्यावाकड्या शिक्क्यांबद्दल फार आदरानं बोलायचा.

आता आत्याची गोष्ट. तिचे यजमान रेल्वेत होते, बिऱ्हाड दक्षिण कलकत्त्यात. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास हे त्यांचं गणपतीचं आणि संक्रांतीचं ठिकाण. बाकी सगळं आयुष्य बंगाल्यांत. १९७० च्या डिसेंबरात पाकिस्तानात निवडणूक झाली आणि पूर्वेकडच्या १६९ जागांपैकी १६७ शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या, तेव्हा तिच्या शेजारणी आनंदानं रडल्या होत्या. त्यांची माहेरं बरिशालची, फरीदपूरची, आणि ती फाळणीत सुटलेली. सत्ता मुजीबना मिळाली नाही. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कर उतरलं आणि विद्यापीठापासून वस्त्यांपर्यंत कत्तल झाली. मुजीबना पकडून पश्चिम पाकिस्तानात नेलं. १७ एप्रिलला सरहद्दीलगत मेहेरपूरच्या बैद्यनाथतला इथल्या आमराईत नव्या सरकारनं शपथ घेतली. राष्ट्राध्यक्ष कैदेत, म्हणून सय्यद नझरुल इस्लाम प्रभारी राष्ट्राध्यक्ष झाले आणि ताजुद्दीन अहमद पंतप्रधान. त्या आमराईला नाव दिलं मुजीबनगर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर्कस ॲव्हेन्यूवरच्या नऊ क्रमांकाच्या इमारतीत पाकिस्तानचं उपउच्चायुक्त कार्यालय होतं. तिथले उपउच्चायुक्त एम. हुसेन अली यांनी बंगाली कर्मचाऱ्यांसह पाकिस्तानची नोकरी सोडली आणि त्याच इमारतीवर बांगलादेशचा झेंडा चढवला. हिरव्या कापडावर लाल गोल आणि त्या गोलात पिवळ्या रंगात देशाचा नकाशा. आत्या आणि तिचे यजमान बातमी ऐकून बघायला गेले. रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. आत्या म्हणायची, "मी दोन झेंडे चढताना पाहिलेत. सत्तेचाळीसला लहान होते, बापाच्या खांद्यावरून पाहिला. हा मात्र माझ्या पायांवर उभी राहून पाहिला."

जगाच्या पाठीवर त्या देशाची ती पहिली कचेरी, आणि तोवर एकाही सरकारनं त्या देशाला मान्यता दिलेली नव्हती. दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले के. एम. शहाबुद्दीन आणि अमजदुल हक हे दोघं त्याहीआधी, ६ एप्रिलला, बाहेर पडले होते. पगार, निवृत्तिवेतन, पारपत्र, सगळ्यावर पाणी सोडून. पाठीशी देश नाही आणि परतीची वाट बंद, अशा स्थितीत एखादा अधिकारी असा निर्णय घेतो, त्याला मी फार मोठी गोष्ट मानते. पाकिस्ताननं चिडून ढाक्यातलं भारताचं उपउच्चायुक्त कार्यालय बंद करायला लावलं. भारत सरकारनं झेंडा उतरवायला सांगितलं नाही आणि मान्यताही दिली नाही. एप्रिल ते डिसेंबर असा तो झेंडा कलकत्त्याच्या उन्हापावसात फडकत राहिला. आजही बांगलादेशचं उपउच्चायुक्त कार्यालय त्याच जागी आहे.

मग उशीर का? आत्याचा खरा राग इथं होता. ती बायकांच्या एका गटाबरोबर सॉल्ट लेकच्या निर्वासित छावणीत जायची. पावसाळ्यात चिखल गुडघ्यापर्यंत, सांडपाण्याचे मोठे सिमेंटचे नळ रिकामे पडले होते त्यात संसार मांडलेले, आणि कॉलरा. सगळ्या छावण्या मिळून आकडा कोटीच्या घरात गेला. नावं लिहून घेताना निर्वासितांना मूळ देश विचारला जाई आणि माणसं 'बांगलादेश' म्हणत, तेव्हा लिहिणाऱ्याचा हात अडखळे. दिल्लीच्या कागदांत तो देश अजून यायचा होता. ३१ मार्चला संसदेनं एकमतानं केलेल्या ठरावात सहानुभूती होती, पाठिंबा होता, पण त्यातही उल्लेख 'पूर्व बंगाल' असाच होता. आत्या तावातावानं विचारायची, "आम्हाला छावणीत दिसत होतं ते दिल्लीला दिसत नव्हतं?"

दिल्लीला दिसत होतं. ७ मे रोजी इंदिरा गांधींनी विरोधी पक्षांच्या नेत्यांना बोलावलं तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी ताबडतोब मान्यता मागितली. जयप्रकाश नारायण त्यासाठी देशोदेशी फिरले. सप्टेंबरात त्यांनी दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. जनसंघानं ऑगस्टात सत्याग्रह केला. पंतप्रधानांचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचं मत मात्र थांबावं असंच होतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात १९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारापासून राज्याची चार लक्षणं सांगतात: स्थिर लोकसंख्या, ठरलेली भूमी, सरकार, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. इथं लोक होते, सरकार होतं, पण ते सरकार बसत होतं कलकत्त्यात, थिएटर रोडवर. भूमी लष्कराच्या टाचेखाली. जगाला नुकताच बायाफ्राचा अनुभव आला होता. नायजेरियातून फुटून निघालेल्या त्या देशाला टांझानिया, गॅबॉन, आयव्हरी कोस्ट, झांबिया आणि हैती अशा पाच देशांनी मान्यता दिली होती; १९७० च्या जानेवारीत तो उपासमारीनं आणि युद्धानं चिरडला जाऊन संपला. देश फुटू द्यायचा नाही ही तेव्हा आशिया-आफ्रिकेतल्या बहुतेक सरकारांची भूमिका होती, कारण प्रत्येकाच्या घरात एखादी भेग होतीच.

शिवाय भारतानं मान्यता द्यायची म्हणजे दुसऱ्या दिवशी लढायला उभं राहायचं. सैन्याला पावसाळा टळायला हवा होता, हिमालयातल्या खिंडींत बर्फ पडून चीनची वाट अडायला हवी होती. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला तो याच तयारीचा भाग. मला हा उशीर योग्य वाटतो. मान्यता देणाऱ्यापाशी तिच्यामागं उभं राहायचं बळ हवं. बायाफ्राला मान्यता देणाऱ्या पाचांपाशी ते नव्हतं. पण त्या उशिराची किंमत छावण्यांतल्या माणसांनी चुकवली, तीही मुलांच्या जिवानं, हे आत्याचं म्हणणं त्यामुळं जराही कमी खरं होत नाही.

त्या मधल्या महिन्यांतली एक गोष्ट अण्णांना ठाऊक होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढायचा. २९ जुलैला मुजीबनगर सरकारनं आठ टपाल तिकिटं काढली. चितारली लंडनमधल्या बिमान मल्लिक या बंगाली चित्रकारानं, छापली इंग्लंडमध्ये, आणि ओळख करून दिली ती थेट ब्रिटिश संसदेच्या इमारतीत पत्रकारांना बोलावून. 'टाका' हे चलन अजून व्हायचं होतं, म्हणून किंमती रुपयांत. दहा पैशांच्या तिकिटावर नकाशा, पाच रुपयांच्या तिकिटावर मुजीब, आणि दोन रुपयांच्या तिकिटावर निवडणुकीचा निकाल: १६९ पैकी १६७. तिकिटावर निवडणुकीचे आकडे छापलेले अण्णांनी दुसरीकडं कुठं पाहिले नव्हते. ते म्हणायचे, "बघ, त्यांनी आपला दाखलाच तिकिटावर छापून जगाला पाठवला."

भारतातही तिकीट निघालं, आणि ते अण्णांच्या हातून गेलं. निर्वासितांच्या खर्चासाठी सरकारनं ऑक्टोबरात जादा कर बसवले. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. रेल्वे प्रवासावर कर, वर्तमानपत्रांवर कर, आणि १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा अधिभार. त्यासाठी आधी कुटुंबनियोजनाचं पाच पैशांचं चालू तिकीट घेऊन त्यावर 'निर्वासित साहाय्य' या अर्थाचे शब्द हिंदीत आणि इंग्रजीत छापण्यात आले. निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं १ डिसेंबरला. मधल्या दिवसांत जिथं नाशिकचा माल कमी पडला, तिथं बंगळूर, जयपूर अशा ठिकाणी पोस्टानं रबरी शिक्के करून काम भागवलं. अण्णांना सत्तेचाळीस आठवला. माझी आजी, माई, आत्याला पाठवायच्या पाकिटावर ते जादा तिकीट लावी आणि म्हणे, "हे पाच पैसे ताईकडेच चाललेत."

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारताच्या विमानतळांवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, नझरुल इस्लाम आणि ताजुद्दीन अहमद यांनी मिळून इंदिरा गांधींना पत्र लिहिलं आणि मान्यतेची विनंती पुन्हा केली. आधीही केली होती. या वेळी उत्तर दोन दिवसांत आलं. ६ डिसेंबरला लोकसभेत सभासद उभे राहिले, बाकं वाजली. मार्चच्या ठरावातला 'पूर्व बंगाल' आता गणप्रजातंत्री बांगला देश झाला होता. नाशिकरोडला तेव्हा काळोख पाळला जात होता, खिडक्यांच्या काचांना काळे कागद. देवळालीच्या तोफखान्यातले लोक सरहद्दीवर गेलेले. रेडिओवरची ती बातमी घरात सगळ्यांनी उभं राहून ऐकली, असं माई सांगायची. पाकिस्ताननं त्याच दिवशी भारताशी राजनैतिक संबंध तोडले.

आणि त्याच दिवशी भूताननंही मान्यता दिली. राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी नझरुल इस्लाम यांना तार केली. ती तार भारताच्या घोषणेच्या काही तास आधीची, म्हणून पहिला मान भूतानचा, असं बांगलादेशनं पुढं अधिकृतपणे सांगितलं. भारतात हे अनेकांना खटकतं. मला त्यात आनंद वाटतो. भूतान स्वतः संयुक्त राष्ट्रसंघात गेला होता २१ सप्टेंबर १९७१ ला, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी. नुकतंच जगाच्या पंक्तीत बसायला मिळालेल्या छोट्याशा देशानं लगेच सरकून शेजारच्याला जागा करून दिली.

१६ डिसेंबरला ढाक्याच्या रमणा मैदानावर पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. त्यानंतरचे आठवडे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे वाटतात. टपाल कचेऱ्यांत पडून होती ती पाकिस्तानी तिकिटं. पोस्टमास्तरांनी रबरी शिक्के करून घेतले, कुणी बांगलात, कुणी इंग्रजीत, आणि 'पाकिस्तान' या शब्दावर 'बांगलादेश' उमटवलं. पाकिस्तानी नोटांवरही असे शिक्के मारले गेले. चोवीस वर्षांपूर्वी ज्या रीतीनं पाकिस्तानचं टपाल सुरू झालं होतं, अगदी त्याच रीतीनं त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात ते संपलं. मुजीबनगरच्या आठांपैकी काही तिकिटांवर मुक्ततेची छाप मारून ती २० डिसेंबरला विक्रीला आली.

जानेवारीपासून छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. परतणाऱ्या कुटुंबाला वाटेपुरतं अन्न आणि दोन आठवड्यांचा शिधा मिळे. इतकी माणसं परत जातील यावर जगात कुणाचा विश्वास नव्हता. मार्च सरेपर्यंत जवळजवळ सगळी गेली. एका देशाच्या मान्यतेवर कोटीभर माणसांनी चालत जाऊन केलेली ही सही आहे, असं मी समजते. आत्याच्या ओळखीची एक बाई खुलन्याकडची. नवरा मारला गेलेला, दोन मुली बरोबर. निघताना तिनं आत्याचा पत्ता कागदावर लिहून घेतला. काही महिन्यांनी तिचं पत्र आलं: घराचं छप्पर गेलं आहे, विहीर शाबूत आहे, मुली शाळेत जातात. पाकिटावर पाकिस्तानी तिकीट, आणि त्यावर तिरका जांभळा शिक्का. आत्यानं ते पाकीट दिवाळीला आणलं तेव्हा अण्णांनी चष्मा पुसून शिक्क्याचं एकेक अक्षर पाहिलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेला तो माणूस लहान मुलासारखा हरखला होता, असं आई सांगते.

बापूकाकांच्या तारखेची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तेही प्रेसमध्येच लागले होते आणि तेही फार बोलत नसत. ४ मार्च १९७२ ला बांगलादेशनं आपल्या पहिल्या नोटा काढल्या, एक टाक्याची आणि शंभर टाक्यांची. दोन्हींवर देशाचा नकाशा, आणि छपाई नाशिकची. युद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते. खोट्या नोटांच्या भीतीनं तिकडं पुढच्याच वर्षी नकाशाच्या मोठ्या नोटा मागं घेतल्या आणि त्यांच्यावरून बरीच कडवट चर्चाही झाली. बापूकाकांना त्याचं वाईट वाटे. पण पगाराच्या दिवशी तिथल्या एखाद्या मास्तरच्या हातात आपल्या देशाचं नाव असलेली पहिली नोट पडली असेल, हा विचार त्यांना जन्मभर पुरला.

एव्हाना बाकीच्या जगाची रांग लागली होती. ११ जानेवारीला पूर्व जर्मनी, महिनाअखेरीच्या आत सोव्हिएत संघ, ४ फेब्रुवारीला ब्रिटन. ब्रिटन मान्यता देणार हे दिसताच पाकिस्तान ३० जानेवारीला राष्ट्रकुलातून बाहेर पडला. इस्रायलनं देऊ केलेली मान्यता ढाक्यानं अरब देशांच्या बाजूनं राहून नाकारली. घेणाऱ्यालाही नाही म्हणता येतं हे तेव्हा दिसलं. पुष्कळ देश भारतीय सैन्य परत जाण्याची वाट पाहत होते. ते १२ मार्चला ढाक्यात निरोपाचं संचलन करून निघालं. अमेरिकेची मान्यता आली ४ एप्रिलला. ढाक्यातले अमेरिकेचे वाणिज्य दूत आर्चर ब्लड यांनी कत्तलीबद्दलच्या आपल्या सरकारच्या मौनाचा तारेनं निषेध केला होता, त्याला तोवर वर्ष होत आलं होतं.

चीननं २५ ऑगस्ट १९७२ ला सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रसंघातला प्रवेश रोखला. सुरक्षा परिषदेत बसल्यानंतरचा पेकिंगचा तो पहिला नकाराधिकार, आणि तो वापरला एका उपाशी, नवजात देशाविरुद्ध. भारतानं १९४९ च्या डिसेंबरात, क्रांतीला तीन महिने होतात न होतात तोच, चीनच्या नव्या सरकारला मान्यता दिली होती. ती आठवण काढून अण्णा फार कडवट बोलायचे. चीनची आणि पाकिस्तानची अट एकच होती: युद्धकैदी सोडा, आणि ज्या १९५ पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर बांगलादेश खटले चालवणार होता ते खटले सोडून द्या. २२ फेब्रुवारी १९७४ ला लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेत पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी मान्यता जाहीर केली. युद्धानंतर पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले मुजीब दुसऱ्या दिवशी त्याच लाहोरला गेले. त्या १९५ जणांवर खटले कधीच चालले नाहीत. मान्यतेच्या बदल्यात न्याय सोडून दिला गेला, आणि हा सौदा मला आजही मान्य करता येत नाही, जरी मुजीबना दुसरा रस्ता उरला नव्हता हे कळतं तरी. १७ सप्टेंबरला बांगलादेश संयुक्त राष्ट्रसंघात गेला. आठवड्याभरानं मुजीब तिथं बांगलात बोलले. आत्याकडं त्या रात्री सगळ्या मजल्यावरच्या शेजारणी रेडिओपाशी जमल्या होत्या.

चीनची मान्यता आली ३१ ऑगस्ट १९७५ ला. त्याआधी, १५ ऑगस्टच्या पहाटे, मुजीबना धानमंडीच्या घरात पत्नी, मुलगे आणि सुनांसह लष्करातल्याच लोकांनी मारलं होतं. ज्यानं मान्यता मागितली त्याला ती दिली नाही, म्हणून अण्णा दिवसभर संतापून घरात येरझारा घालत होते. ४ डिसेंबरच्या पत्रावर सही करणारे दोघं, सय्यद नझरुल इस्लाम आणि ताजुद्दीन अहमद, तेव्हा ढाक्याच्या मध्यवर्ती तुरुंगात होते. ३ नोव्हेंबरला त्यांना तिथंच गोळ्या घालून ठार केलं.